सीडी, एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, ब्लू-रे सगळं एकाच प्लेअरवर : ३५ हजारांत कोणता घ्यावा आणि अपग्रेड कशाचं करावं?

मंद्रपंचम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सगळ्या प्रकारच्या डिस्क वाचणारा एकच चांगला प्लेअर घ्यायचा आहे. बजेट ३५ हजार, त्यातच किरकोळ दुरुस्ती किंवा अपग्रेड बसलं पाहिजे. मुक्काम पुणे.

सध्याचा संच : डेनॉन एव्हीआर-एक्स२६००एच रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा अँप्लिफायर), ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर), ४के टीव्ही. पुढच्या दोन स्पीकरना वेगळा स्टीरिओ अँप्लिफायर लावायचा विचार आहे, पण तो वर्षभराने.

डिस्क : सीडी भरपूर, त्यातही जास्त हिंदुस्थानी शास्त्रीय. एसएसीडी (सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या आवाजाची डिस्क) साधारण चाळीस, बहुतेक हायब्रिड (एकाच डिस्कवर एसएसीडी आणि साधी सीडी असे दोन थर) आणि ५.१ असलेल्या (सिंफनी, थोडं जॅझ). डीव्हीडी-ऑडिओ चार-पाच. ब्लू-रे बऱ्यापैकी. मराठी नाटकांच्या व्हीसीडी खोकंभर. ४के डिस्क एकही नाही आणि घेण्याचा विचारही नाही.

समोर असलेले पर्याय :

१) ओप्पो बीडीपी-१०३, वापरलेला, अमेरिकन मॉडेल, पुण्यातच. २४ हजार सांगतायत.
२) ओप्पो बीडीपी-१०५, पण 'सीडी व्यवस्थित चालते, एसएसीडी घेत नाही' या अवस्थेत. ३२ हजार.
३) सोनी यूबीपी-एक्स८००एम२. मावसभाऊ न्यू जर्सीहून येताना आणू शकतो.
४) डेनॉन डीव्हीडी-२९१०, ऑप-अँप (आवाजाचा सिग्नल हाताळणाऱ्या छोट्या चिप) आणि कपॅसिटर बदलून 'मॉडिफाइड' म्हणून विकायला आहे. १५ हजार. ब्लू-रे यात चालणार नाही हे माहीत आहे, पण आवाजाचं फार कौतुक ऐकलंय.

यातलं काय घ्यावं? दुसरं म्हणजे १०३ घेऊन उरलेल्या पैशांत त्याचा अॅनलॉग भाग सुधारून घेतला, तर तो १०५ च्या जवळ जाईल का?

---

गाभा५१

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर रिसीव्हरच्या मागच्या बाजूला आहे. एक्स२६००एच ला मल्टिचॅनल अॅनलॉग इनपुट नाही. म्हणजे ५.१ आवाज आत जायचा एकच दरवाजा, एचडीएमआय. इथेच चौथा पर्याय बाद होतो. एसएसीडीचा डीएसडी सिग्नल (तिचं मूळ डिजिटल स्वरूप) एचडीएमआयवर नेण्याची सोय १.२ या आवृत्तीत, २००५ साली आली. २९१० त्याआधीच्या पिढीतला. त्याला एचडीएमआय आहे, पण एसएसीडी त्यातून बाहेर येत नाही, तुम्हाला ती अॅनलॉग जॅकमधूनच घ्यावी लागेल. तुमच्या चाळीस डिस्कचं ५.१ रिसीव्हरपर्यंत पोचणारच नाही, मग आत कुठलाही ऑप-अँप असो. पंधरा हजारांत स्टीरिओपुरता प्लेअर, तोही वीस वर्षांच्या लेसरचा. सोडून द्या.

ऑप्टिकल किंवा कोअॅक्शियल वायरने काम भागेल असंही कुणी सांगेल. भागणार नाही. एसएसीडीचा मूळ सिग्नल त्या वायरने बाहेर द्यायला परवानगीच नाही. डीव्हीडी-ऑडिओ बहुतेक प्लेअर ४८ किलोहर्ट्झवर उतरवून देतात. मग ती डिस्क घेतली कशाला?

आता १०३ की १०५. एचडीएमआयने जोडलेत तर दोघांत ऐकू येण्याजोगा फरक नाही, कारण डिजिटलचं अॅनलॉग करणारी चिप तेव्हा रिसीव्हरमधली वापरली जाते, प्लेअरमधली नव्हे. १०५ चे जास्तीचे पैसे आहेत ते त्याच्या अॅनलॉग बोर्डाचे : ईएसएसच्या ईएस९०१८ या दोन चिप, स्टीरिओसाठी वेगळे आरसीए आणि एक्सएलआर जॅक, हेडफोन अँप्लिफायर, संगणकाला जोडायला यूएसबी डॅक (डिजिटलचं अॅनलॉग करणारा भाग). यातलं आज तुम्ही काहीच वापरणार नाही. वर्षभराने स्टीरिओ अँप्लिफायर आला की वापराल, पण तेव्हा १०३ च्या पुढच्या दोन चॅनलचे आरसीए जॅक तिकडे जोडता येतीलच. नाही पटला आवाज, तर त्या वेळी वेगळा डॅक घ्या. सीडी कोअॅक्शियलने डॅककडे जाते, तिला कसलीही आडकाठी नाही.

सोनीचं म्हणाल तर प्लेअर गुणी आहे. नवा लेसर, ४के डिस्कही वाचतो, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही चालतात, दुसरं एचडीएमआय फक्त आवाजासाठी वेगळं. पण दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवा. त्याला अॅनलॉग आउटपुट अजिबात नाही. आणि पुढे डिस्प्लेही नाही. सकाळी टीव्ही न लावता यमन ऐकायला बसलात तर कितवा ट्रॅक चालू आहे हे कळायला मार्ग नाही. सीडी घातली की आपोआप सुरू होते ते ठीक, पण हायब्रिड डिस्कचा एसएसीडी थर की सीडी थर, स्टीरिओ की ५.१, हे बदलायला मेनूत शिरावं लागतं आणि मेनू टीव्हीवर. काहींना याचं काही वाटत नाही. तुमच्याकडे सीडी जास्त, म्हणून सांगितलं.

पॅनासोनिकचे यूबी८२० आणि यूबी९००० कुणीतरी सुचवेलच. चित्र उत्तम, पण एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्हीही वाचत नाहीत. तुमच्या कामाचे नाहीत.

माझं मत : १०३ चांगल्या अवस्थेत असेल तर तोच, आणि उरलेले अकरा हजार हात न लावता ठेवा. त्यातले काही पिकअपसाठी (डिस्क वाचणारा लेसर आणि भिंगाचा भाग) लागतीलच. ओप्पो डिजिटलने एप्रिल २०१८ मध्ये नवं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे सुट्या भागांची सोय आपली आपणच करायची. १०३ ची तब्येत डळमळीत वाटली तर सरळ सोनी.

---

खटका

वरच्याशी सहमत. फक्त रीजनचं (डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल याचा कोड) राहिलं.

भारत डीव्हीडीसाठी रीजन ५, ब्लू-रेसाठी रीजन सी. अमेरिकन १०३ म्हणजे डीव्हीडी १ आणि ब्लू-रे ए. तुमच्या ब्लू-रे भारतात घेतलेल्या असतील तर प्रत्येकीच्या मागचं चिन्ह बघा. अनेक डिस्क ए-बी-सी तिन्हींसाठी असतात, पण सगळ्या नाहीत. बघायला जाताना फक्त सी लिहिलेली एक सोबत न्या. आत रीजन-फ्री किट बसवलेलं असेल तर ती चालेल, नसेल तर पडद्यावरच संदेश येईल. एसएसीडीला रीजनची भानगड नाही.

सोनी अमेरिकेतून आणला तरी हेच. ४के डिस्कना रीजन नसतो, साध्या ब्लू-रेला असतो.

व्हीसीडीचं : ब्लू-रे प्लेअरच्या मॅन्युअलमध्ये चालणाऱ्या डिस्कची यादी असते, त्यात व्हीसीडी लिहिली नसेल तर भरवसा धरू नका. आणि एवढ्या महागाच्या लेसरवर नाटकांच्या व्हीसीडी घासण्यात अर्थही नाही. चित्रच ३५२ बाय २८८ चं. बुधवार पेठेत मिळणारा कुठलाही साधा डीव्हीडी प्लेअर त्या वाचतो. त्याहून बरं म्हणजे डिस्क धडधाकट आहेत तोवर संगणकावर उतरवून घ्या. आतली .डॅट फाइल व्हीएलसीवर थेट चालते.

---

मंद्रपंचम

गाभा५१, खटका, मनापासून धन्यवाद. अॅनलॉग इनपुटचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

२९१० बाद. पण १०५ चा मोह सुटत नाही. विकणारा म्हणतो 'फक्त लेन्स पुसावी लागेल, पाचशे रुपयांचं काम'. हे खरं असू शकतं का? आणि १०३ बघायला रविवारी जातोय, तिथे नेमकं काय काय तपासू?

---

डागकाम

पाचशेचं काम असतं तर विकणाऱ्यानेच करून घेतलं असतं आणि चार हजार जास्त मागितले असते. तरी शक्यता तपासून बघू, फोनवरच कळेल.

या पिकअपमध्ये तीन लेसर असतात. सीडीला ७८० नॅनोमीटर, डीव्हीडी आणि एसएसीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५. एक गेला तरी बाकीचे दोन चालू राहू शकतात. विकणाऱ्याला सांगा, एक विकतची छापील डीव्हीडी आणि एक ब्लू-रे लावून बघा.

डीव्हीडी चालली आणि एसएसीडीच चालत नसेल तर लेसर ठीक आहे, दोष सेटिंगमध्ये किंवा डिस्कमध्ये. मेनूतलं 'एसएसीडी प्रायॉरिटी' सीडी मोडवर असेल तर हायब्रिड डिस्क सीडी म्हणूनच वाजते आणि लोकांना वाटतं एसएसीडी गेली. असं निघालं तर १०५ आजच उचला.

डीव्हीडीही चालत नाही पण ब्लू-रे झकास चालते : ६५० चा डायोड थकलाय. कारण धूळ असती तर सगळ्यात आधी ब्लू-रेने मान टाकली असती. ट्रॅकमधलं अंतर सीडीत १.६ मायक्रॉन, डीव्हीडीत ०.७४, ब्लू-रेत ०.३२. बारीक काम करणाऱ्याला धुळीचा त्रास आधी होतो. मात्र काही पिकअपवर दोन भिंगं शेजारी-शेजारी असतात, तिथे एकच मळलेलं असू शकतं. म्हणून आधी दोन्ही पुसून बघायची आणि मगच निदान.

डीव्हीडी, ब्लू-रे दोन्ही बंद, सीडी तेवढी चालू : धूळ, बुरशी, स्पिंडल मोटर किंवा रेलवरचं सुकलेलं ग्रीस. इथे पुसून काम होण्याची आशा सगळ्यात जास्त. मुंबई-कोकणातला प्लेअर असेल तर पावसाळ्यात भिंगावर धुरकट बुरशी चढते, ती विजेरी तिरपी धरली की दिसते.

पुसायची पद्धत : ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी त्यात बुडवून निथळून घ्यायची, भिंगावर भार न देता दोन-तीन गोल फेरे, मग दहा मिनिटं सुकू द्यायचं. अॅसिटोन, कोलीन, स्पिरिट नको, भिंग प्लॅस्टिकचं असतं. ब्रशवाली क्लीनर डिस्क तर अजिबात नको. ब्लू-रेचं भिंग डिस्कच्या फार जवळ येतं, तो ब्रश त्याला झोडपून काढतो.

डायोडच गेला असेल तर पिकअप बदलावा लागेल. साध्या डीव्हीडी प्लेअरचा केएचएम-३१३ तपकीर गल्लीत कुठेही मिळतो, पण हा त्यातला नाही. पिकअपच्या पट्टीवर छापलेला नंबर बघून तोच मागवायचा. शक्यतो पूर्ण लोडर (ट्रे, मोटर, पिकअप असा अख्खा संच), ड्राइव्ह बोर्डासकट. काही ब्लू-रे ड्राइव्हमध्ये त्या-त्या पिकअपची जुळणीची मूल्यं बोर्डावर साठवलेली असतात, नुसता पिकअप बदलला की सीडी चालते, डीव्हीडी अडखळते आणि ब्लू-रे चालतच नाही. मग दुरुस्तीवाला म्हणतो 'माल डुप्लिकेट आला'.

नुसता पिकअप बदलायची वेळ आलीच तर एक जागा सांभाळा. नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका दोन बिंदू जोडून ठेवतो. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायचा, आधी रिबन केबल पूर्ण बसवायची, कुलूप लावायचं आणि त्यानंतरच तो ठिपका उचलायचा. आधी उचलला तर बोटाच्या एका स्पर्शाने लेसर जातो. विसरला तर प्लेअर 'नो डिस्क' म्हणत बसतो.

आता रविवारचं. जाताना सोबत न्या : ५.१ असलेली हायब्रिड एसएसीडी, दोन थरांची डीव्हीडी (कुठलाही लांब सिनेमा), ब्लू-रे दोन, ७० मिनिटांपेक्षा मोठी सीडी, एखादी घरी लिहिलेली सीडी-आर.

सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटचा ट्रॅक लावा. तिथे अडकली तर रेल किंवा डिस्कचं डगमगणं. डीव्हीडीत थर बदलतो ती जागा शोधा, साधारण सिनेमाच्या मध्यावर. क्षणभर थांबणं ठीक, दहा सेकंद घरघर ठीक नाही. एसएसीडी लावल्यावर डिस्प्लेवर एसएसीडीच आलंय ना ते वाचा, नुसता आवाज आला म्हणून खूश होऊ नका. ब्लू-रे अर्धा तास चालू ठेवा आणि तापल्यावर परत एसएसीडी लावा. थकलेला डायोड थंडीत वाचतो आणि गरम झाला की हात वर करतो. विक्रेते हे ओळखून असतात, म्हणून दाखवायच्या आधी प्लेअर बंद असतो.

ट्रे पाच-सहा वेळा उघडा-मिटा. अडखळत असेल तर बेल्ट ढिला झालाय, ते स्वस्तातलं काम. त्यासाठी भाव पाडा, व्यवहार मोडू नका.

एचडीएमआयची दोन्ही आउटपुट वेगवेगळी तपासा. केबल टीव्हीच्या वायरमधून आलेला विजेचा झटका सेट-टॉप बॉक्स, रिसीव्हर असा प्रवास करत प्लेअरच्या एचडीएमआय चिपपर्यंत पोचतो. एक पोर्ट मेलेला प्लेअर दुसऱ्या पोर्टवर दाखवून विकला जातो.

मागच्या बाजूला व्होल्टेजचं स्टिकर वाचा. तेच सोनीलाही लागू. ११०-२४० लिहिलं असेल तर नुसती पिन बदला. जिथे दोन व्होल्टेजचा खटका आहे तिथे प्लग लावायच्या आधी तो बघा. फक्त १२० लिहिलं असेल तर १०० व्हीएचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच. १२० व्होल्टवर सप्लायचा पहिला कपॅसिटर १७० व्होल्ट डीसी बघतो आणि २०० चा बसवलेला असतो. २३० दिलेत की त्याला ३२५ मिळतात. पुढचं सांगायला नको.

---

शुद्धनिषाद

डागकाम यांचा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा. पण गाभा५१ यांनी अॅनलॉग बाजू फार झटकन निकालात काढली असं वाटतं. मंद्रपंचम यांच्याकडे बहुतांश सीडी आहेत, स्टीरिओ आहेत आणि अँप्लिफायर येणारच आहे. तानपुऱ्याची आस, तबल्याची स्याही, सारंगीचा कण यांत अॅनलॉग भागाचा फरक कळतो. १०३ मधले ऑप-अँप काढून तिथे एलएम४५६२ किंवा ओपीए१६१२ घातले, आउटपुटचे कपॅसिटर चांगले फिल्मचे घातले तर चार-पाच हजारांत बरंच साधेल. क्लॉक (डिजिटल आवाजाचा ठेका धरणारा भाग) बदलणारेही आहेत.

---

डागकाम

साधेल की नाही ते आकड्यांवर बघू.

एनई५५३२ सारख्या जुन्या ऑप-अँपचा स्वतःचा नॉइज रूट हर्ट्झमागे ५ नॅनोव्होल्ट. एलएम४५६२ चा २.७. कागदावर जवळपास निम्मा. पण प्लेअरच्या आउटपुटला पूर्ण आवाजात दोन व्होल्ट असतात आणि हे दोन्ही नॉइज त्याच्या इतके खाली आहेत की रात्रीच्या शांत खोलीतला पंखासुद्धा त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा. सीडीचं १६ बिटचं ध्वनिमुद्रणच स्वतःचा नॉइज त्याहून वर घेऊन येतं. जुन्या मैफलींच्या टेपवरून केलेल्या सीडी असतील तर टेपची सरसर आणखी वर.

उलट धोका खरा आहे. वेगवान ऑप-अँप संथ चिपसाठी आखलेल्या बोर्डावर बसवला की तो मेगाहर्ट्झमध्ये स्वतःशीच गुणगुणायला लागतो. ऐकू काही येत नाही, चिप चटका बसेल इतकी तापते, आवाज कर्कश होतो आणि मालक म्हणतो 'डिटेल वाढला'. तो थांबवायला सप्लायच्या पिनांना अगदी लागून ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर हवेत, आणि खात्री करायला ऑसिलोस्कोप. तो नसेल तर या वाटेला जाऊ नये. शिवाय स्वस्तात मिळणाऱ्या ओपीए१६१२ वर नाव छापलेलं असतं, आत काय आहे देव जाणे. या चिप पृष्ठभागावर डकवलेल्या असतात. साध्या डागणीने ओढून काढायला गेलं की खालचा तांब्याचा पॅड उचकटून येतो आणि १०३ ची विक्रीची किंमत तिथेच पडते.

आउटपुट कपॅसिटर : १० मायक्रोफॅरड आणि पुढे अँप्लिफायरचा १० किलोओहम, म्हणजे खालची मर्यादा १.६ हर्ट्झ. तबल्याचा डग्गासुद्धा तिथपासून फार वर आहे. मोठा फिल्म कपॅसिटर तिथे मावत नाही, मग लोक तो वायरीवर टांगतात आणि सप्लायचा गुणगुणाट त्यात शिरतो.

क्लॉकबद्दल काही लिहीत नाही. एचडीएमआयने जोडल्यावर आवाजाचं क्लॉक रिसीव्हरच नव्याने बनवतो, तिथे प्लेअरच्या क्लॉकवर पैसे घालणं म्हणजे पावसात झाडांना पाणी घालणं.

पैसे घालायचेच असतील तर पॉवर सप्लायमध्ये घाला. दहा-बारा वर्षं चोवीस तास स्टँडबायवर राहिलेल्या सप्लायचे कपॅसिटर सुकतात. लक्षणं : चालू व्हायला वेळ लागणं, डिस्क फिरायला लागली की रीसेट होणं, स्टँडबायचा दिवा लुकलुकणं. हा लेसरचा दोष समजून पिकअप बदलणारे खूप. आधी सप्लायच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा, डिस्क फिरत असताना. ५ व्होल्टच्या जागी ४.७५ च्या खाली गेलं तर सप्लायच दोषी.

बदलायचे ते दुय्यम (कमी व्होल्टेजच्या) बाजूचे कपॅसिटर. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा एक पायरी वर, १०५ डिग्रीचे, लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेले), आणि उंची-व्यास मोजून. खर्च काही शेकड्यांत. काम सुरू करण्याआधी प्लग काढून प्राथमिक बाजूचा मोठा ४०० व्होल्टचा कपॅसिटर रिकामा करायचा : १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यात धरून पाच-सहा सेकंद, मग मीटरने शून्य बघूनच हात घालायचा. पेचकसाने शॉर्ट करणारे शूर लोक असतात, त्यांची नक्कल नको.

---

शुद्धनिषाद

पॉवर सप्लायचं पटलं. ऑप-अँपचं मी माझ्या कानांवर सोडतो :) तरी एक विचारतो, मग १०५ चा आवाज लोकांना वेगळा लागतो तो कशामुळे?

---

गाभा५१

बऱ्याचदा आवाजाच्या पातळीमुळे. दोन प्लेअरचं आउटपुट अर्ध्या डेसिबलने वेगळं असलं तरी मोठं असेल ते 'अधिक मोकळं' वाटतं. तुलना करायची तर दोन्हीवर १ किलोहर्ट्झचा टेस्ट टोन वाजवून स्पीकरच्या टोकांवर मीटरने व्होल्टेज जुळवा, दोन टक्क्यांच्या आत, आणि बघा किती फरक उरतो. एक्सएलआरने लांब केबल ओढायची असेल तर १०५ चा खरा फायदा आहे, तेवढं मान्य.

एसएसीडी आणि तिच्याच सीडी थराची तुलनाही अशीच फसवी. एसएसीडीची पातळी सहसा खाली असते आणि दोन थरांचं मास्टरिंग कित्येकदा वेगळं असतं. दोष किंवा श्रेय फॉरमॅटला जातं.

---

मंद्रपंचम

सगळ्यांचे आभार. १०५ वाल्याने डीव्हीडी लावून पाहिली, चालली नाही. ब्लू-रे मात्र चालते. म्हणजे डायोड, तो विषय संपला.

१०३ घेतला, २२ हजारांना. डागकाम यांची यादी हातात धरूनच तपासला. ट्रे जरा अडखळतो, बाकी सगळं पास. रीजन-फ्री किट नाही, पण माझ्या दोनच ब्लू-रे अडल्या.

आता अडचण अशी : एसएसीडी ५.१ उत्तम येते, रिसीव्हरवर डीएसडी दिसतं. पण डीव्हीडी-ऑडिओ डिस्कवर २४ बिट ९६ किलोहर्ट्झ ५.१ असं छापलेलं असताना रिसीव्हरची माहिती ४८ किलोहर्ट्झ दाखवते. व्हिडिओ आउटपुट 'सोर्स डायरेक्ट' वर (डिस्कवरचं चित्र आहे तसंच पाठवणं) ठेवलंय, कारण स्केलिंग टीव्हीनेच करावं असं वाचलं होतं. ट्रेच्या बेल्टचं मापही सांगा.

---

गाभा५१

उत्तर तुमच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. एचडीएमआयमध्ये आवाज चित्राच्या दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेतून जातो. डीव्हीडी-ऑडिओचं चित्र ४८० ओळींचं, तिथे ती जागाच इतकी अरुंद की ९६ किलोहर्ट्झचे सहा चॅनल मावत नाहीत, म्हणून प्लेअर उतरवून देतो. रिझोल्यूशन १०८०पी करा, ७२०पी सुद्धा चालेल. सिनेमाच्या डीव्हीडीसाठी सोर्स डायरेक्ट ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा, गाण्याच्या डिस्कला रिमोटच्या रिझोल्यूशन बटणाने बदलत जा.

त्याच मेनूत आणखी तीन गोष्टी बघून घ्या. 'डीव्हीडी-ऑडिओ मोड' हा डीव्हीडी-ए वर हवा. डीव्हीडी-व्ही वर असेल तर डिस्कवरचा डॉल्बी किंवा डीटीएसचा ट्रॅक वाजतो आणि आपण हाय-रिझोल्यूशन समजून ऐकत बसतो. 'सेकंडरी ऑडिओ' बंद ठेवा, नाहीतर ब्लू-रेचा ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी आवाज मूळ स्वरूपात बाहेर पडत नाही. आणि एसएसीडीचं आउटपुट : डीएसडी ठेवलंत तरी ऑडिसी (खोलीनुसार आवाज सुधारणारी रिसीव्हरमधली सोय) चालू असताना रिसीव्हर त्याचं पीसीएम (सीडीसारखं नेहमीचं डिजिटल स्वरूप) करूनच सुधारणा लावतो. प्लेअरमध्ये पीसीएम निवडलंत तर तो ८८.२ किलोहर्ट्झवर करून देतो. दोन्ही लावून बघा, पातळी जुळवून. मी असतो तर ऑडिसी चालू ठेवली असती, खोलीचा दोष डीएसडीच्या शुद्धतेपेक्षा मोठा असतो.

---

डागकाम

बेल्टचं माप अंदाजाने घेऊ नका. जुना बेल्ट ताणून ढिला झालेला असतो, त्याची आतली परिघाची लांबी मोजा आणि त्याहून पाच ते आठ टक्के लहान, तेवढ्याच जाडीचा, चौकोनी छेदाचा घ्या. फार लहान घेतलात तर मोटरच्या बुशवर ताण येतो आणि ट्रे कर्रकन बंद होतो. बदलण्याआधी दोन्ही पुली अल्कोहोलने पुसा. कित्येकदा बेल्ट चांगला असतो, पुलीवर चिकट थर असतो, आणि पुसल्यावर काम भागतं. रबराला ग्रीस लागू देऊ नका. ट्रेच्या बाजूच्या खाचांना मात्र प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस काडीच्या टोकावर मावेल एवढंच.

आणि रात्री भिंतीवरचा स्विच बंद करत जा. स्टँडबायवर ठेवू नका.